पटावरचं नाव

“लिहितंय कोण, बाई? पोरगी का तुम्ही?” मी चौथीच्या वर्गाच्या दारातूनच विचारलं.

नव्या बाई कोपऱ्यात मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या समोर गुरवाची मोनाली. बाई प्रश्न वाचून दाखवत होत्या, पोरगी तोंडानं उत्तर सांगत होती आणि बाईच कागदावर उतरून घेत होत्या. माझा आवाज ऐकून मोनालीचं तोंड मिटलं. बाईंनी मात्र चाललेलं वाक्य पुरं लिहिलं, पेन ठेवलं आणि मग उठल्या.

“या काकी. मोनाली सांगतेय, मी लिहितेय.”

मी आत गेले. बसायला खुर्ची दिली ती मी घेतली नाही. त्या वर्गात बसावं असं काही नव्हतंच. चार पोरं परातीत वाळू पसरून बोटानं अक्षरं गिरवत होती. दोघी पाण्याचे तांबे ओतून मापं काढत होत्या, ओला पसारा नुसता. सुताराचा रणजित, ज्याचं बूड जन्मात जमिनीला टेकलं नाही, तो खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्यानं गणितं करत होता आणि त्याला कुणी ‘बस’ म्हणत नव्हतं. माझी नात प्रांजल तेवढी शहाण्यासारखी पहिल्या रांगेत पुस्तकात डोकं घालून बसलेली. एक वर्ग आणि पाच तऱ्हा.

ह्या गोष्टीला आता बारा वर्षं होऊन गेली. तेव्हा हिवरटेकच्या शाळेच्या समितीची मी अध्यक्ष होते. प्रांजलचे आईबाप पुण्याला, पोरगी माझ्याकडं, म्हणून पालक म्हणून माझं नाव लागलं. आणि माझं नाव लागल्यावर अध्यक्ष दुसरं कोण होणार, हे गावात कुणी विचारलं नाही. पुरुष माणसं माझ्यासमोर बिडी विझवत. वाघचौरे बाई नगरकडच्या. जूनमध्ये बदलून आलेल्या, सव्वीस-सत्तावीस वर्षांची किरकोळ बाई, आवाज तर असा की शेजारच्याला ऐकू जाऊ नये.

आदल्या दिवशी प्रांजल रडत घरी आली होती. परिसराच्या चाचणीत तिला वीसपैकी अठरा आणि मोनालीला वीस. जी पोरगी तीन वर्षांत ‘कमळ’ वाचू शकली नाही तिला वीस. म्हणून मी शाळेत आले होते.

बाईंनी मला बाजूला नेऊन सांगितलं, की मोनालीच्या डोळ्यांपुढं अक्षरं स्थिर राहत नाहीत, एकमेकांवर चढतात. एका वेळी एकच ओळ दिसेल अशी पुठ्ठ्याची खाच करून दिलीय, ती वाचायला शिकतेय, पण वेळ लागेल. “पण परिसर तिला पाठ आहे काकी. ओढ्याला पाणी कुठून येतं, कुठं जातं, सगळं. तो पेपर पाण्याचा होता, वाचण्याचा नव्हता. म्हणून प्रश्न मी वाचले.”

“मग माझ्या नातीला का न्हाई वाचून दाखवलं?”

“तिनं मागितलं तर तिलाही दाखवीन.”

“ती कशाला मागंल? तिला येतंय की.”

“हो,” बाई म्हणाल्या. बस, एवढंच.

मला ते फार लागलं. माझ्यासमोर माणसं एक तर गप्प होतात नाही तर फाटे फोडतात. ही बाई ‘हो’ म्हणून मोकळी.

मग मी माझं सुनावलं. भैरोबाच्या भंडाऱ्यात बायकांची पंगत तीस वर्षं माझ्या हातात आहे, म्हटलं. चारशे पानं उठतात. माझी सख्खी बहीण पानावर बसली तरी तिला एकच पळी आणि रस्त्यावरून आलेल्या बाईलाही एकच पळी. वाढणाऱ्याचा हात एकाच्या पानाशी रेंगाळला की तो पंक्तिप्रपंच. त्याच्यासारखं पाप नाही. “तुम्ही वर्गात पंक्तिप्रपंच करता, बाई. एकीच्या कोपऱ्यात मांडी घालून बसायचं आणि बाकीच्यांनी वाळूत खेळायचं.”

पोरं टकामका बघत होती. मला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मोनाली माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात भीती नव्हती, म्हणून माझा पारा चढला. फळ्याकडं बोट करून मी म्हटलं, “वीस मार्कं घेतलीस न्हवं? मग ते वाच. काय लिहिलंय?”

ती फळ्याकडं वळली. ओठ हलले. मान खाली गेली, कान लाल झाले, आणि फ्रॉकचा काठ मुठीत आला. मागून एक पोरगं खुसकन हसलं.

वाघचौरे बाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. पोरीला पाठीशी घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. आता ही मला काहीतरी विचारणार, असं वाटून मी फळ्याकडचं बोट खाली घेतलं. पण त्यांनी काही विचारलं नाही. “काकी, शनिवारी केंद्रप्रमुख साहेब येणार आहेत, सकाळी नऊला. समितीची बैठक आहे,” असं सांगितलं आणि पोरांकडं वळल्या.

मी तरातरा घरी आले.

घरी आले खरी, पण घरात जीव ठरेना. तूर निवडायला घेतली, अर्धं सूप निवडून झाल्यावर लक्षात आलं की ही सकाळी निवडलेलीच होती. गोठ्यात गेले, म्हशीला पाणी दाखवलं, ती प्यायली नाही तर तिच्यावर डाफरले. धाकट्या सुनेनं वाळत घातलेलं लुगडं पुन्हा झटकून घातलं. “आत्या, काय झालंय?” असं सुनेनं विचारलं तर आमटीला मीठ कमी पडतंय म्हणून तिला दोन शब्द ऐकवले. आमटी अजून चुलीवर चढायची होती.

संध्याकाळी विलासला बोलावून घेतलं. हा माझ्या दिराचा मुलगा, शिकलेला, तालुक्याला झेरॉक्सचं दुकान, गावातल्या निम्म्या माणसांचे अर्ज त्याच्याच हातचे. त्याचा पोरगाही चौथीतच. त्याला म्हटलं, शनिवारी साहेब येतायत, बाईविरुद्ध अर्ज लिही. एक, वर्गात पंक्तिप्रपंच चालतो. आणि दोन, समितीच्या अध्यक्षाला बैठकीची नोटीस कागदावर देत नाहीत. हे दुसरं माझ्या मनात कधीपासून खुपत होतं. बाकीच्या सगळ्या मेंबरांना चिठ्ठी जायची, सही घेतली जायची. मला मात्र ही बाई येता-जाता तोंडी सांगणार. कधी दारात येऊन, कधी पाणवठ्याच्या वाटेवर. पहिल्या दोन वेळा कागद आला होता, मग बंद. मी काय मोलकरीण होते निरोप घ्यायला?

“बाकी कायद्याच्या भाषेत तुझं तू घाल,” असं मी त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो टाइप केलेला कागद घेऊन आला. खाली समितीतल्या सहा जणांच्या सह्या आधीच होत्या. वरची जागा माझ्यासाठी मोकळी. “वाचून घ्या काकी,” तो म्हणाला. मी चष्मा चढवला, कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले, मध्ये एके ठिकाणी भुवई चढवली, “हं” म्हटलं आणि सही केली. सगुणा रामचंद्र मोहिते. माझी सही झोकदार आहे, तहसीलदारानंसुद्धा एकदा नावाजली होती.

विलास गेला आणि तासाभरात शालन आली. मोनालीची आई. नवरा मुंबईला माथाडी, ही इथं दुसऱ्यांच्या शेतात. भंडाऱ्याला माझ्या हाताखाली पत्रावळी मांडायला असायची, त्यामुळं माझ्या वाड्यात यायला तिला कधी संकोच नव्हता. त्या दिवशी मात्र ती पायरीखालीच उभी राहिली.

मी अंगणात शेवया वाळत घालत होते. वाळलेल्याच होत्या, परत पसरत होते.

शालन म्हणाली की बाईंविरुद्ध अर्ज चाललाय असं कानावर आलंय. मी म्हटलं, चाललाय. मग ती पहिल्या तीन वर्षांचं सांगायला लागली. आधीच्या गुरुजींनी मोनालीला शिकवायचं सोडूनच दिलं होतं. सकाळी वर्ग झाडायचा, मग गुरुजींच्या चहाचं पाणी आणायचं, मग दारात बसून चपला ओळीनं लावायच्या. शाळेत जायची म्हणजे पोरगी हेच करायला जायची. मीही तिला तिथं चपला लावताना बघितलं होतं. पोरगी कामसू आहे, असंच मला वाटलं होतं.

“आता माझ्या आदी उठती,” शालन म्हणाली. “दप्तर उशाला घेऊन झोपती काकी. बाईंची बदली झाली तर पुन्ना झाडूच की.”

“माझ्याकडं काय मागायला आलीस? मी कुणाच्या पोटावर पाय देत न्हाई. सगळ्यांना सारखं असावं, एवढंच माझं म्हणणं.”

“सारखंच व्हतं की आदी,” ती म्हणाली. “सगळ्यांना एकच पुस्तक. तिला वाचता येत न्हवतं, एवढंच.”

तिनं हे काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. शालनला टोमणे येत नाहीत. मी तिला चहा घे म्हटलं, ती घेतला न घेतला करून गेली. आणि मला ती गेल्यावर एकदम भागीरथी म्हातारी आठवली. तिच्या तोंडात दात नाही. भंडाऱ्याला तिची पोळी मी आधीच दुधात कुस्करून वेगळ्या वाटीत ठेवते, आणि पहिल्या फेरीला तिच्या पुढ्यात जाते. वर्षानुवर्षं. त्याला पंक्तिप्रपंच म्हणावं असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी ते डोक्यातून झटकलं. म्हातारीची गोष्ट वेगळी, म्हटलं. शेवया गोळा केल्या, पुन्हा पसरल्या. शेवटी सून म्हणाली, “आत्या, त्यांचा भुगा व्हायला लागलाय.”

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. केंद्रप्रमुख लोखंडे साहेब मधल्या खुर्चीवर, एका बाजूला हेडमास्तर इंगवले गुरुजी, एका बाजूला मी. मेंबर बाकांवर, पालक सतरंजीवर, शालन कडेला. पोरांना मैदानात पिटाळलं होतं, तरी निम्मी व्हरांड्याच्या कठड्याला लोंबकळत होती. वाघचौरे बाई गुरुजींच्या मागं उभ्या. अर्ज आलाय हे त्यांना माहीत होतं, आत काय आहे ते नव्हतं.

माझा पाय सारखा हलत होता. मी तो लुगड्याखाली दाबून धरला होता.

साहेबांनी अर्ज उलगडला, सह्या मोजल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “मी खुर्चीत बसून वाचून टाकणं बरं नाही. अध्यक्षांनीच सगळ्यांसमोर वाचावा. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, की साहेबांनी आत काय केलं.”

कागद माझ्या हातात आला.

असल्या वेळी काय करायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. चष्मा घरी राहिला म्हणायचं. बँकेत, दवाखान्यात, लग्नपत्रिका आल्यावर, चाळीस वर्षं हेच चाललं होतं. “चष्मा घरी...” एवढं तोंडातून निघालं आणि माझा हात नाकाकडं गेला. चष्मा नाकावरच होता. येताना प्रांजलनं पुसून माझ्या डोळ्यांवर चढवला होता.

कठड्यावरची पोरं फिदी फिदी हसली. मेंबर थांबून राहिले. कागदावर काळ्या मुंग्या. त्यात एक ‘स’ मला दिसला, माझ्या नावातला, एक ‘म’ दिसला. दुसरीत होते तेव्हा आई बाळंतपणात गेली आणि पाठची तिघं भावंडं माझ्या काखेत आली, तिथंच माझी शाळा सुटली. सही नवऱ्यानं शिकवली, रांगोळीसारखी, ठिपक्यांवरून. तो गेल्यावर हे कुणालाच माहीत नाही, असं मी धरून होते. घरात प्रांजलला मी रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे, तुझं वाचन सुधारतं म्हणून.

खुर्चीतून उठून चालू पडावं असं वाटत होतं. आणि त्याच वेळी बाईंचा तो न ऐकू येणारा आवाज आला.

“साहेब, अर्ज माझ्याविरुद्ध आहे. मीच वाचते. एकेक वाक्य झालं की काकी हो की नाही ते सांगतील.”

लोखंडे साहेब म्हणाले, हे रीतीला धरून नाही. बाई म्हणाल्या, “मी एकही शब्द गाळणार नाही, समोर सगळे आहेत.” साहेबांनी खांदे उडवले. बाईंनी येऊन माझ्या हातातून कागद घेतला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या खुर्चीशेजारी मांडी घालून बसल्या, त्या दिवशी मोनालीजवळ बसल्या होत्या तशाच, आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या.

पहिला मुद्दा वाचला. सदर शिक्षिका अध्यापनात पंक्तिप्रपंच करतात, काही ठराविक विद्यार्थ्यांना झुकते माप देतात. वाक्य सावकाश, आवाज जराही बदलला नाही. “बरोबर, काकी?” मी म्हटलं, बरोबर.

दुसरा मुद्दा वाचला. समितीच्या अध्यक्षांना बैठकीची नोटीस लेखी न देता केवळ तोंडी सांगितली जाते, हा अध्यक्षपदाचा अवमान आहे. “बरोबर, काकी?”

पहिल्या दोन नोटिसा आल्या तेव्हा मी बाईंना सांगितलं होतं, वाचलं, येते. आणि दोन्ही वेळा बैठक संपल्यावर पोचले होते. तिसऱ्या वेळेपासून बाई स्वतः यायला लागल्या. तारीख सांगायच्या, वेळ सांगायच्या, कशाबद्दल आहे ते सांगायच्या, आणि मी “ठाऊक हाय” म्हटल्यावर निघून जायच्या. सगळ्यांदेखत आत्ता त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी तोंडी का सांगत होते. त्यांनी ते म्हटलं नाही. वाट बघत बसून राहिल्या.

“बरोबर,” मी म्हटलं.

तिसऱ्या मुद्द्यापाशी त्यांचं बोट थांबलं. डोळे पुढं गेले, मागं आले. मग त्यांनी वाचलं, त्याच आवाजात. इयत्ता चौथीतील कुमारी मोनाली तानाजी गुरव ही विद्यार्थिनी मंदबुद्धी असून तिच्यामुळे इतरांचे शैक्षणिक नुकसान होत आहे, तरी तिचे नाव शाळेच्या पटावरून कमी करून तिची रवानगी योग्य त्या संस्थेत करावी.

“बरोबर, काकी?”

“परत वाचा.”

त्यांनी परत वाचलं. ह्या वेळी तुकड्या तुकड्यानं. पटावरून. कमी. करून.

सतरंजीच्या कडेला शालन उठून उभी राहिली. ओरडली नाही. “काकी,” ती म्हणाली, “काल मी तुमच्या दारात हुबी हुते. तवाच सांगायचं. मी पोरीला घिऊन मुंबईला गेले असते.”

मी विलासकडं वळले. “हे मी कवा सांगितलं तुला?”

विलास चपापला, पण वकिली डोक्याचा पोरगा. बाकीच्या पालकांचं म्हणणं आहे ते, म्हणाला, बाकी तुझं तू घाल असं तुम्हीच म्हणालात, आणि शिवाय, “तुम्ही वाचून सही केलीय काकी. माझ्यासमोर. चांगला वेळ घेऊन वाचलंत.”

सगळा व्हरांडा माझ्याकडं बघायला लागला. लोखंडे साहेब म्हणाले, अध्यक्षांसह सात सह्या आहेत, तेव्हा हे मला वर पाठवावंच लागेल. मुलीचं काय करायचं ते तपासणी करून वरचे ठरवतील, तोवर तिला वर्गात बसवायचं की नाही तेही विचारावं लागेल. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. ‘वाचून सही केली’ म्हटलं तर माझी मान ताठ राहत होती. पोरगी पटावरून जात होती, पण मान ताठ राहत होती. आणि खरं सांगते, एक क्षणभर मी त्या वाटेवर पाय टाकला होता. ‘तपासणी होऊ द्या की’ एवढं म्हणायला तोंड उघडलंही होतं. कठड्यावर मोनाली दिसली. तिची बाकीच्या पोरांसारखी चुळबुळ चाललेली नव्हती. मघापासूनचा शब्द न् शब्द ती ऐकत होती, वर्गात प्रश्न ऐकत होती तशी, मान किंचित वाकडी करून.

“मी वाचलं न्हाई,” मी म्हटलं. “मला वाचता येत न्हाई.”

कुणीतरी “काय?” म्हणालं. इंगवले गुरुजी खुर्चीत सावरून बसले. विलास हसला, म्हणजे त्याला वाटलं मी काहीतरी डाव टाकतेय.

“पुन्हा सांगू? मला वाचता येत न्हाई. सही येती, तेवढीच येती. ज्याला हसायचं असंल त्यानं आत्ताच हसून घ्या. चैत्रात माझ्याच पंगतीला बसायचं हाय.”

कुणी हसलं नाही. बाकावरचे दोन मेंबर चुळबुळले. त्यातला एक, रणजितचा बाप, हळूच म्हणाला की काकी, मीही वाचला नव्हता. तुमची सही होणार म्हटल्यावर केली. दुसऱ्यानं मान हलवली. ते सहाही जण माझ्या नावाच्या भरवशावर होते, आणि मी विलासच्या.

लोखंडे साहेबांनी टोपण परत लावलं. अर्ज मागं घेत असाल तर लेखी द्या, म्हणाले. तोंडी मला चालत नाही.

“मग लिहून घ्या. मी सांगते.”

बाईंना त्यात हात घालता येईना, अर्ज त्यांच्याच विरुद्धचा. विलासनं खिशातलं पेन काढलं. “तुझं लिहिणं बघितलं,” मी म्हटलं, आणि कठड्यावरून प्रांजलला हाक मारली. ती वही घेऊन माझ्या पायाशी बसली. अक्षर मोत्यासारखं तिचं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मध्ये मध्ये थांबत होते, कारण इतकं सरळ बोलायची मला सवय नव्हती.

सांगून झाल्यावर म्हटलं, आता वाच. न वाचता मी सही करायची नाही.

प्रांजलनं उभं राहून वाचलं. “मी सगुणा रामचंद्र मोहिते, समितीची अध्यक्ष. बाईंविरुद्धचा अर्ज मी मागं घेते. मोनालीचं नाव काढा असं मी म्हटलेलं नाही. तिचं नाव पटावर राहील आणि ती वर्गात बसेल. बाईंनी तिला पेपर वाचून दाखवावा, ज्याला लागेल त्याला दाखवावा. आणि माझ्या नातीला येतं तेच तेच देऊ नये, तिला पुढचं अवघड द्यावं, म्हणजे ती माझ्याकडं रडत येणार नाही.”

व्हरांड्यात थोडं हसू आलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, करा सही. मी पेन घेतलं.

“आज्जी, एक राहिलं.”

कठड्यावरून मोनाली बोलली. सगळ्यांनी माना वळवल्या तशी ती थोडी दचकली, पण थांबली नाही. जे मी सांगितलं होतं ते तिनं माझ्याच शब्दांत, माझ्याच थांबण्यासकट म्हणून दाखवलं. “मोनालीचं नाव काढा असं मी म्हटलेलं नाही, त्याच्यानंतर तुम्ही सांगितलं होतं. मी अर्ज न वाचता सही केली, कारण मला वाचता येत नाही. ते प्रांजलनं लिहिलं नाही.”

मी प्रांजलकडं बघितलं. तिचा चेहरा लालेलाल. ती माझ्या कानाशी आली. “आज्जी, मी इतके दिवस कुणाला कळू दिलं नाही, आता कागदावर कशाला? कागद साहेबांकडं जातोय. कायम राहील तो.”

म्हणजे पोरीला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, ते मी तिला त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही कधी नाही.

बाई खाली बघत होत्या. साहेब घड्याळाकडं. ती ओळ नसती तरी काम होत होतं, हे मलाही दिसत होतं.

“लिही,” मी म्हटलं.

“आज्जी...”

“ज्या जागी सांगितलं त्याच जागी लिही.”

तिनं खाडाखोड केली नाही, नवा कागद घेतला आणि सगळं पुन्हा उतरून काढलं. मग ती पहिल्यापासून वाचायला लागली. मी तिच्याकडं बघत नव्हते. एकेक वाक्य झालं की कठड्याकडं बघत होते. शेवटच्या वाक्याला मोनालीनं मान हलवली, तेव्हा मी सही केली.